जुना अँप्लिफायर की नवे पॉवर्ड स्पीकर?

पंधरा-वीस हजारांत घरी नीट गाणं ऐकायचं तर मला दोनच रस्ते दिसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ओळखीतून जुना अँप्लिफायर आणि स्पीकर शोधायचे, नाहीतर अँप्लिफायर पोटातच असलेले नवे पॉवर्ड स्पीकर घ्यायचे. साउंडबार बातम्यांपुरता बरा; एका डब्यातून डावं-उजवं कितीसं वेगळं होणार?

जुन्यात त्याच पैशांत आठ इंची वूफर (खालच्या, जाड आवाजांचा स्पीकर) पदरात पडू शकतो. डग्ग्याची घुमक त्यातून येते तशी चार इंचीतून येत नाही. पण आधी जाळी काढून स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची (कोनची) फोमची कड बोटाने हलकेच दाबा. माझ्या पहिल्या जोडीची कड बोट लावताच भुगा होऊन गळली, आणि वाचलेले सगळे पैसे दुरुस्तीत गेले. कड रबराची असेल तर ही चिंता कमी. मग व्हॉल्यूमचं बटण फिरवा. खरखर बहुधा आतल्या धुळीची असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या (विजेचे जोड साफ करणाऱ्या) फवाऱ्याने जाते. गाणं बंद असतानाही ‘घूं’ येत असेल, तर आतला कपॅसिटर (वीज साठवणारा सुटा भाग) सुकल्याची शंका घ्या आणि भाव पाडा. दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस जवळ नसेल तर या वाटेला जाऊच नका.

नव्यात ही कटकट नाही. एडिफायरच्या आर१२८०डीबी जोडीत ब्लूटूथ आहे, टीव्ही जोडायला ऑप्टिकल केबलची सोय आहे, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. ४२ ऐकून नाक मुरडू नका. वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलच, म्हणजे थोडासाच, वाढतो. खोक्यावर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) छापलेले दिसले की खोका खाली ठेवा. मेख एकच: आतला अँप्लिफायर गेला की जोडीच अडकून पडते.

मी स्वतः जुन्याच्या बाजूचा, तरी धाकट्या बहिणीला नवेच घ्यायला लावले. फ्लॅट लहान, शेजाऱ्यांची भिंत लागून, आणि पेचकस हातात धरायची तिला हौस नाही. तिने ते शोकेसमध्ये फुलदाणीच्या दोन बाजूंना चिकटवून ठेवले होते. आम्ही ते बाहेर काढून कानाच्या उंचीवर, सहा फुटांच्या अंतराने मांडले आणि समोर तेवढ्याच अंतरावर बसलो. तानपुरे दोन कडांना सरकले, गाणारी बरोबर मध्ये येऊन बसली.

फुलदाणी सध्या फ्रिजवर आहे.