‘तिसरे जग’ की ‘ग्लोबल साउथ’?

विकसनशील देशांना एकत्रितपणे काय म्हणावे, असा हा प्रश्न. ‘तिसरे जग’ हा शब्द फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ आल्फ्रेड सोव्ही यांनी १९५२ मध्ये वापरला. फ्रेंच राज्यक्रांतीआधीचा हक्कवंचित ‘तिसरा वर्ग’ त्यांच्या डोळ्यांसमोर होता. अमेरिकी आणि सोव्हिएत गोटांबाहेरचे, दुर्लक्षित पण स्वतःचे स्थान मागणारे देश, असा त्याचा अर्थ. गरिबीचा शिक्का नंतर बसला आणि मूळचा ताठ कणा विसरला गेला, याचे मला वाईट वाटते.

‘ग्लोबल साउथ’ (जागतिक दक्षिण) हा शब्द १९६९ मध्ये अमेरिकी लेखक कार्ल ओग्लस्बी यांच्या व्हिएतनाम युद्धावरील लेखात आला, रुळला शीतयुद्धानंतर. नकाशाशी तो जुळत नाही: भारत उत्तर गोलार्धात असूनही ‘साउथ’, ऑस्ट्रेलिया दक्षिणेत असूनही ‘नॉर्थ’. तरी आज मी हाच निवडेन, कारण त्यात पहिला-दुसरा-तिसरा अशी उतरंड ऐकू येत नाही.