मोठ्या माणसासाठी म्हणून विकलेली घोडी: इंदूरमध्ये माझे २,३३,५०० रुपये कसे गेले

आकडे आधी लिहितो, म्हणजे कुणाला वाटायला नको की किरकोळ गोष्टीचा मी बाऊ करतोय. घोडी १,८५,०००. खोगीर, लगाम, तंग, रिकिबी असा संच ३८,५००. गाडीभाडं ७,५००. ‘कागद आणि डॉक्टर’ या नावाखाली २,५००. एकूण २,३३,५०० रुपये. यातला एक रुपयाही परत आलेला नाही आणि विकणारा आजही इंदुरातच धंदा करतोय.

घोड्यांच्या व्यवहारातल्या नेहमीच्या लबाड्या ऐकून सगळ्यांनाच माहीत असतात. म्हातारं जनावर तरुण म्हणून खपवायचं, दातांवर कानस फिरवायची, लंगडणाऱ्याला वेदनाशामक टोचून उभं करायचं, तापट घोड्याला गुंगीचं औषध द्यायचं. मलाही हे माहीत होतं. म्हणून मी दात पाहिले, चारही पाय वरपासून खालपर्यंत चाचपले, दुडकी चालवून पाहिली. त्यातलं काही निघालं नाही. मला लुटलं ते मापात. मोठ्या वयात घोडा घेणाऱ्यांना हल्ली इथेच गाठतात, कारण माप घेताना आपण फक्त बघत उभे राहतो. फीत त्यांच्याच हातात असते.

२०२३च्या आशियाई स्पर्धेत आपल्या इंदूरच्या सुदिप्ती हजेलाने ड्रेसाजच्या (घोड्याकडून शिकवलेल्या डौलदार चाली करवून घेण्याचा प्रकार) संघातून सुवर्णपदक आणलं, तेव्हापासून आमच्या मुलीने घोडेस्वारीचा ध्यास घेतला. तिला क्लबात सोडता-आणता मीही शिकू लागलो. माझं वजन ८६ किलो, उंची ५ फूट १० इंच. शिकवणारे रिसालदारसाहेब, फौजेतून निवृत्त झालेले, पहिल्यापासून बजावत होते, “तुम्हाला घोडा अंगाने भरलेला लागेल. रूप बघून घेऊ नका.” घोडी घेतली तेव्हा ते नेमके गावी गेले होते. आणि विकणाऱ्याने घाई लावली होती, भोपाळची पार्टी उद्या येतेय म्हणून. २१,००० टोकन त्याच दिवशी यूपीआयने गेले. सांगितलेली किंमत १,९०,०००. एक लाख रोख दिलेत तर पाच हजार कमी. उरलेले ६४,००० दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात टाकायला लावले. ‘भावाचं खातं आहे, भिया.’

आता माप. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजतात. चार इंचांचा एक हात. मला सांगितली होती १५.१, म्हणजे पंधरा हात आणि वर एक इंच, म्हणजे ६१ इंच. मोजायचं ते सपाट जमिनीवर, सरळ काठीने, काठीला काटकोनात आडवी पट्टी लावून. या माणसाने शिंप्याची फीत आणली. घोडीचे पुढचे पाय तबेल्याच्या फरशीवर होते आणि फितीचं टोक त्याच्या पोऱ्याने फरशीच्या कडेवरून खाली, चिखलात टेकवलं होतं. फरशीच मुळी दीड-दोन इंच उंच. वर फीत हवेत सरळ न धरता खांद्याच्या फुगवट्यावरून घासत नेली. ‘इकसठ!’ म्हणून त्याने आकडा मोठ्याने वाचला आणि बोट लगेच उचललं. आमच्या मुलीने हे सगळं हौसेने मोबाइलवर टिपलं होतं. नंतर तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला, तेव्हा फितीला आलेलं पोट स्पष्ट दिसलं. घोडी खरी ५८ इंचांची, म्हणजे १४.२. नाल ठोकलेले, खूर वाढलेले, ते धरून.

पण तीन इंचांपेक्षाही जास्त मला जाळतं ते दुसरंच. घोडीच्या पाठीवर, त्या उंचवट्याच्या मागे दोन्ही बाजूंना, रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके होते. तांबड्या अंगावर दुरूनही दिसतील असे. मी बोट ठेवून विचारलं, “हे काय?” तो हसला आणि म्हणाला, “शुभ निशाणी आहे साहेब, नशीबवाल्यालाच मिळते.” पंचकल्याणी घोडा, देवमण, भोवरे हे शुभ-अशुभ खुणांचे शब्द आपल्या घरांतून लहानपणापासून ऐकलेले असतात. ते मनात इतके खोल बसलेले असतात की शुभ म्हटल्यावर पुढचा प्रश्न जिभेवर येतच नाही. ते ठिपके शुभ नव्हते. चुकीचं खोगीर महिनोन्‌महिने एकाच जागी रुतलं की कातडी दुखावते आणि तिथे पुढे पांढरे केस उगवतात. ती जुनी जखम होती, डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी. माझं बोट त्यावर होतं. बोटाखाली घोडीची कातडी थरथरली होती, तेही मला आठवतं. त्या क्षणी कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. सांगणारे सगळे त्याचेच होते.

मी बसलो तेव्हा तिने पाठ खाली दाबून घेतली. “लाडात आली,” म्हणे. लाड नव्हे, दुखत होतं तिला. घोडा घेताना खोगीर काढून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत शेपटीपर्यंत जा. जनावर पाठ झुकवतं का, कान मागे टाकतं का, ते बघा. याला एक पैसा लागत नाही.

उंचीबद्दल शंका काढली तेव्हा त्याने काय ऐकवलं, तेही लिहितो, कारण मराठी गिऱ्हाइकासाठी हे वाक्य त्याच्याकडे तयारच असतं. “होळकरांच्या गावचे तुम्ही. मराठे भीमथडी तट्टांवर अटकेपर्यंत गेले आणि तुम्ही दोन इंच मोजताय?” भीमथडीचं, म्हणजे भीमा नदीकाठचं, तट्टू काटक, यात वाद नाही. पण त्याच्यावर बसणारा गडी सडपातळ, सामान बेताचं. ८६ किलोचा, दिवसभर ऑफिसात बसणारा माणूस तो नव्हे. रिसालदारसाहेबांनी परत आल्यावर घोडी पाहिली आणि आधी फीत मागितली. पुढच्या पायांमागून छातीचा घेर १६० सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १४५. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. वजन आलं साधारण ३१२ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा जाणकारांचा सर्वसाधारण दंडक आहे. तिच्यासाठी ते बसतं ६२ किलो. मी ८६, खोगीर-सामान ९, एकूण ९५. म्हणजे ३० टक्के! त्या हिशेबाने मला ४७५ किलोचा घोडा हवा. असा अंगाचा मारवाडी जातीचा घोडा सहसा मिळत नाही. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड किंवा चांगला संकर बघावा लागतो. विकणारा मला सारखे कान दाखवत होता. मारवाडीचे कान आत वळून टोकाला जुळतात, फार देखणे दिसतात. कानांवर कुणी बसत नाही! छाती बघा, कंबर बघा, नडगीचं हाड बघा.

आता खोगीर. ‘घोडीच्या मापाचं’ म्हणून त्याने शेजारच्याच दुकानात नेलं. ३८,५०० तिसऱ्याच नावावर गेले. खोगिराच्या बाजूच्या पाळीवर ‘१८’ असं स्टिकर होतं. प्रौढ माणसाला बांध्याप्रमाणे १७, साडेसतरा, १८ इंचांची बैठक लागते. खोगिराच्या पुढच्या बाजूला कडेला जी खिळ्याची गोल टोपी असते, तिथपासून मागच्या उंच कडेच्या मध्यापर्यंत फीत धरा. माझी आली १६. पोरासोरांचं खोगीर. बसल्यावर मागे चार बोटं जागा राहायला हवी, माझी एक राहत नव्हती. पण त्याने तीन नमदे (खोगिराखालच्या जाड गाद्या) एकावर एक घालून मला बसवलं होतं, त्यामुळे वरून सगळं गुबगुबीत वाटलं. नमदे काढल्यावर खोगिराची पुढची कमान थेट घोडीच्या हाडावर टेकली. खोगीर बघताना नमदा काढून, नुसत्या पाठीवर ठेवायला लावा. कमानीखाली उभी दोन-तीन बोटं गेली पाहिजेत, मधल्या खाचेतून आरपार उजेड दिसला पाहिजे, आणि मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. स्वारालाही बसतं आणि घोड्यालाही बसतं, अशी दोन्ही मापं जुळावी लागतात. एक जुळून भागत नाही.

ही घोडी लग्नांत चालायची, असं नंतर वरातीच्या धंद्यातल्याच एकाने सांगितलं. जड, जरीचं खोगीर, वर नवरदेव, डीजेचा दणका, वर्षानुवर्षं. म्हणून ती इतकी शांत. आणि म्हणूनच ते ठिपके.

लोक मला म्हणतात, जाणकार न्यायचा होता. अहो, डॉक्टर होता ना तिथे! त्या २,५०० मध्ये त्याचीच फी होती. तो विकणाऱ्यानेच बोलावलेला, त्याने पाठीला हातही लावला नाही. मला कसं कळणार? पांढरा कोट, स्टेथोस्कोप, सही-शिक्का. डॉक्टर तुमचा हवा, तुम्ही पैसे देऊन आणलेला. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरहून तासाभराच्या आत. तिथे विचारून जाणता माणूस मिळवा. आणि दोनशे रुपयांची लोखंडी फीत स्वतःच्या खिशात ठेवा.

पैसे मागायला गेलो तर विकणारा म्हणाला, पावती बघा. पावतीवर काय? ‘एक घोडी, रंग लाल, जैसी है वैसी.’ उंचीचा उल्लेख नाही.

ठाण्यात गेलो. ठाणेदार नव्हते, जे होते त्यांनी विचारलं, “घोडी मिली ना? फिर धोखा कैसा?” मी व्हिडिओ दाखवायला फोन पुढे केला, त्यांनी बघितलाच नाही. व्यवहार शहराबाहेर झाला, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता रामबागेत, तिकडेच द्या. हे सरळ सरळ कायद्याविरुद्ध आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर नोंदवून घ्यायची. मी कलम लिहून नेलं, तर “वकील हो क्या?” असं ऐकावं लागलं. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती कुणासाठी आहे मग? सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हा सायबरचा विषय नाही. बँकेने तेच ऐकवलं. पशुपालन खात्यात विनंती केली की निदान सरकारी माणसाने उंची मोजून तसा दाखला द्यावा. तशी पद्धत नाही, म्हणे. राज्याच्या तक्रार हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर कुणी फोनही न करता एक दिवस संदेश आला की तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. कुणाचं समाधान? मला विचारलं कुणी? माणसाने कर भरायचा, नियमाने चालायचं, पुरावा हातात घेऊन दारोदार फिरायचं आणि प्रत्येक टेबलावर आपणच गुन्हेगार असल्यासारखं उभं राहायचं. ज्याने लुटलं तो मात्र घरी बसून चहा पितोय. हा संताप पैशांच्या संतापापेक्षा मोठा आहे.

एका वकिलाने नीट वाट दाखवली. मालविक्रीच्या १९३०च्या कायद्यात कलम १५ आहे: वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे. विकणाऱ्याने व्हॉट्सअपवर मला लिहून पाठवलं होतं, ‘१५.१ हाथ, ९० किलो का सवार आराम से’. ते माझ्याकडे आहे. पावतीपेक्षा तेच कामाला येणार, म्हणून असे संदेश कधीही पुसू नका. बोलणं झालं असेल तर नंतर लिहून विचारा आणि लेखी उत्तर मिळवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथे अर्ज करतोय. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे, तिची पोच जपून ठेवली आहे. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाणार.

काहीजण सुचवतात, घोडी आहे तशी दुसऱ्याला विकून टाका, पैसे सुटतील. ते माझ्याकडून होणार नाही. इंदूरजवळ राऊ गावाच्या पुढे एका मित्राच्या शेतावर ती आहे, पाठीवर काही न घालता. दाणा-वैरण चालू आहे, पाठ सुधारते आहे. आमची मुलगी ४४ किलोची. पुढे डॉक्टर हो म्हणाले, तर नीट मापाचं हलकं खोगीर घालून फक्त तीच बसेल.

त्या माणसाची नवी जाहिरात आली आहे. यावेळी घोडा काळा, पुन्हा १५.१, पुन्हा ‘मोठ्या माणसासाठी, एकदम शांत’. फोटोत तीच फरशी आणि तिच्या कडेखालचा तोच चिखल दिसतो. ठाण्यात शेवटी एकाने एवढं तरी कबूल केलं की आणखी तक्रारदार आले तर विचार करता येईल. इंदूर, देवास, उज्जैन, कुठेही कुणी असाच घोडा घेतला असेल तर पाठीवरचे ठिपके बघा, फीत लावा, आणि मला कळवा. माझा अर्ज तयार आहे, त्याखाली तुमचं नाव जोडायचं आहे.