शॉकवेव्ह की रोजची गोळी? तळकोकणात राहून निवड करताना

रक्ताचे रिपोर्ट आले, बीपी-शुगर कळली, युरोलॉजिस्टने सगळं विचारून घेतलं आणि शेवटी लिंगाच्या ताठरतेच्या त्रासासाठी दोन वाटा समोर ठेवल्या: शॉकवेव्हचा कोर्स किंवा टाडालाफिलची रोजची ५ मिलिग्रॅमची गोळी. इथवर येऊन थांबलेल्यांसाठी हे लिहितोय. दोन्ही मी घेतलंय. मधुमेह जुना आहे, राहतो कणकवलीच्या बाजूला, घर एकत्र कुटुंबाचं. ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची ठरेल, ते सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझा ओढा आधी शॉकवेव्हकडे होता. गोळी तेवढ्या वेळेपुरती, शॉकवेव्ह मात्र मुळावर जाते, असं ऐकलं होतं, आणि आधीच दोन-तीन गोळ्या चालू असताना आणखी एक नको वाटत होती. कल्पनाही पटण्यासारखी आहे. मुतखडा फोडायला बाहेरून लाटा सोडतात (१९८० मध्ये म्युनिकला हे पहिल्यांदा रुग्णावर झालं), त्याच जातीच्या पण फार कमी ताकदीच्या लाटा लिंगावर द्यायच्या, म्हणजे नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होऊन रक्तपुरवठा वाढेल. २०१० मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या योराम वार्दी आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांवरचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचं वेळापत्रक असं होतं: आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे, मग तीन आठवडे विश्रांती, मग पुन्हा तीन आठवडे. माझं वेळापत्रकही साधारण तसंच होतं.

उपचाराचा त्रास म्हणाल तर काहीच नाही. जेल लावतात, प्रोब टेकवतात, टकटक आवाज येत राहतो. भूल लागत नाही, उठून लगेच गाडी चालवता येते. पहिल्या वेळी संकोच वाटतो, पुढे तोही राहत नाही.

गुण आला का? थोडा आला. कोर्स संपता संपता पहाटेचा ताठपणा पुन्हा जाणवायला लागला, काही महिने बरे गेले, मग हळूहळू ओसरलं. जुनी शुगर नसलेल्या एखाद्याला जास्त टिकेल, हे मी नाकारत नाही. पण खोटी मशीन लावून तुलना केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, हेही माहीत असू द्या. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ही थेरपी प्रायोगिकच मानली आहे. युरोपातली संघटना सौम्य आणि रक्तपुरवठ्यातून आलेल्या त्रासासाठी ती देता येईल म्हणते, पण शिफारस कमकुवत असं नमूद करून.

एवढ्यावरून मी कदाचित दुसरा कोर्सही केला असता. नको झालं ते येणं-जाणं. आमच्याकडून सोय कोल्हापूरला, म्हणजे आठवड्यातून दोनदा फोंडा घाट चढायचा, राधानगरीवरून जायचं आणि संध्याकाळी परत उतरायचं. रस्त्याचं काही वाटत नाही, ड्रायव्हिंगची सवय आहे. पण आपल्याकडे माणूस गाडी काढतो तेव्हा ती एकट्याची नसते. आई विचारणार, "आज परत खंय चललंस?" कोल्हापूर म्हटलं की शेजारचा म्हणणार, "मीय येतंय." त्याचं कुणीतरी तिथल्या दवाखान्यात ॲडमिट असतं, नाही कसं म्हणायचं? मग त्याला एका ठिकाणी सोडा, परत कधी घ्यायला येऊ ते ठरवा, आणि तो सहज विचारतो की तुमचं काम कुठे आहे. बँकेचं काम झालं, गाडीच्या पार्टचं झालं, मित्राच्या मुलाच्या ॲडमिशनचं झालं. पुढच्या वेळी काय सांगायचं, याचा विचार आदल्या रात्रीपासून सुरू व्हायचा. घरात फक्त बायकोला ठाऊक, म्हणजे तिलाही माझ्याबरोबर तेच बोलावं लागायचं. आईशी तिने माझ्यासाठी खोटं बोलावं हे मला फार लागलं. त्यातच पावसाळा सुरू झाला. घाटात दरड आली की तारीख चुकणार, तारीख चुकली की वेळापत्रक पुढे सरकणार, म्हणजे आणखी कारणं. ज्या त्रासात मन मोकळं असणं इतकं गरजेचं, त्याच्या उपचारानेच मनावर ओझं ठेवावं, हे मला पटेना.

गोळीच्या बाबतीत हा प्रश्नच नाही. बीपी आणि शुगरच्या पाकिटांबरोबर ती डब्यात असते. गावातल्या मेडिकलवाल्याची आमच्या घरी ऊठबस आहे, म्हणून मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कुडाळातून महिन्याचा साठा आणतो. जेनेरिक घेतली तर खर्च शॉकवेव्हच्या पॅकेजच्या आसपासही जात नाही.

रोजच्या गोळीचा खरा आराम म्हणजे घड्याळ बघावं लागत नाही. पाचेक दिवसांत रक्तातलं प्रमाण स्थिर होतं, मग कधी घेतली आणि कधी परिणाम होईल हा हिशोब राहत नाही. सिल्डेनाफिलचं (म्हणजे व्हायग्रातलं औषध) तसं नाही, ती गोळी साधारण तासभर आधी घ्यावी लागते आणि तेलकट, जड जेवणावर तिचा परिणाम लांबतो. रविवारी भरपूर खोबऱ्याची माशाची कढी आणि वर तळलेली सुरमई खाल्ल्यावर हे पाळणं कठीण. टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही. शिवाय हीच ५ मिलिग्रॅमची मात्रा प्रोस्टेटच्या लघवीच्या तक्रारींवरही देतात. पन्नाशीनंतर रात्री उठावं लागणाऱ्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं. मला सुरुवातीला कंबर दुखायची आणि नाक चोंदायचं, पुढे कमी झालं.

ज्यांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते किंवा ज्यांना हृदयासाठी नायट्रेटचं कोणतंही औषध चालू आहे, त्यांनी या गोळीकडे वळायचंच नाही. रक्तदाब धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो. अशांसाठी, आणि त्रास अगदी सौम्य असून कोल्हापूर, पुणे, मुंबईत राहणाऱ्यांसाठी, शॉकवेव्हचा विचार योग्य वाटतो. हृदय तपासून घेणं मात्र दोन्हीकडे आलंच. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या, म्हणून अडथळ्याची खूण बऱ्याचदा आधी इथे दिसते. जिथे रिपोर्ट न बघता पॅकेजचा आकडा सांगतात, तिथून मी उठून आलो असतो.

शॉकवेव्हलाच जायचं ठरलं तर मशीन फोकस्ड आहे की रेडियल, हे पैसे भरण्याआधी विचारा. रेडियलचा जोर कातडीपाशी सर्वाधिक असतो आणि आत जाताना कमी होत जातो. टाचदुखीला फिजिओथेरपीवाले वापरतात ती बहुधा हीच. फोकस्डमध्ये लाटा आत ठरावीक खोलीवर एकवटतात. मी चौकशी केली त्या एका ठिकाणी याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, आगाऊ रक्कम मात्र लगेच मागितली.

गोळी निवडलीत तर तिला महिनाभर तरी द्या, आणि तेवढ्यात पुरेसा फरक वाटला नाही तर मात्रा आपल्या मनाने वाढवू नका. एसटी स्टँडवर मिळणाऱ्या 'आयुर्वेदिक' पुड्याही जोडीला घेऊ नका, त्यांत कधी कधी हेच औषध न सांगता मिसळलेलं सापडतं. डॉक्टरकडे परत जा. काही जण अशा वेळी गोळी चालू ठेवून वर शॉकवेव्ह देतात, तेव्हा हा पर्याय पुन्हा मांडून बघता येईल.