गोठा: विकतचा की घरी बांधलेला?
डिसेंबर लागला की इंदूरच्या आमच्या मराठी कॅथलिक घरात नाताळच्या गोठ्याचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, हा प्रश्न निघतोच. विकतचा गोठा देखणा असतो, पंधरा मिनिटांत मांडून होतो, आणि जिथे दोघेही नोकरी करतात तिथे त्याचा आधार वाटतो. पण तो दिव्यांच्या माळा, केक आणि भेटवस्तूंच्या यादीतली आणखी एक खरेदी होऊन बसतो.

घरचा गोठा मात्र आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळातल्या, चार रविवारांबरोबर वाढतो. पहिल्या रविवारी पुठ्ठ्याच्या भिंती, पुढे गवताचे छप्पर; वाटीत पेरलेले गहू नाताळपर्यंत हिरवेगार होतात, आणि बाळ येशूची गव्हाणी मात्र २४ डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सापर्यंत (चर्चमधल्या उपासनेपर्यंत) रिकामीच राहते. त्या रिकाम्या गव्हाणीकडे धाकटी रोज वाकून पाहते, ही वाट पाहणे कोणत्याही दुकानात मिळत नाही. इथले लाल चर्च ज्यांच्या नावाने आहे, त्या असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी नाताळचा देखावा उभारला, तेव्हा त्यांनाही गवत, बैल आणि गाढव एवढेच पुरले होते. म्हणून माझा कौल घरच्या गोठ्याला. वाचलेल्या पैशांतून शेजारच्या गरजू घरी एक ब्लँकेट जाते.