प्लग-अँड-पर्फ की बॉल-ड्रॉप स्लीव्ह?

नॉर्थ डकोटातल्या बाकेन या तेलाच्या खडकथरात असतात तशा आडव्या विहिरीत टप्प्याटप्प्याने फ्रॅक करायला (वाळूमिश्रित पाणी दाबाने सोडून खडक फोडायला) या दोन पद्धतींतली कोणती घ्यावी, असं पेट्रोलियम शिकणाऱ्या भाच्याने विचारलं. ब्रोशर बाजूला ठेवून सांगतो.

वेळेत बॉल-ड्रॉप सरळ पुढे. स्लीव्ह (भोकं झाकणाऱ्या सरकत्या नळ्या) लायनर म्हणजे विहिरीतल्या आतल्या पाइपसोबतच आत जातात. वरून सोडलेला बॉल आपल्या मापाच्या सीटवर बसतो, दाब वाढतो, स्लीव्ह सरकते, भोकं उघडतात. पंप जवळजवळ थांबतच नाही. प्लग-अँड-पर्फमध्ये दर टप्प्याला वायरलाइनवरचा (विहिरीत सोडायच्या तारेवरचा) प्लग म्हणजे बूच आणि भोकं पाडणारी गन पाण्याच्या रेट्याने आत ढकला, प्लग बसवा, केसिंगला (विहिरीच्या पाइपला) भोकं पाडा, वायर काढा, मग फ्रॅक. शेवटी कॉइल्ड ट्यूबिंगने (रिळावर गुंडाळलेल्या लांब नळीने) प्लग दळायचे, तो खर्च वेगळा. (विरघळणारे प्लगही मिळतात, पण गार विहिरीत ते रेंगाळतात.)

टप्प्यांचं म्हणशील, तर विहिरीच्या आतल्या टोकाला सगळ्यात लहान बॉल, टाचेकडे (आडवा भाग सुरू होतो तिकडे) मोठा. मापं संपली की टप्पेही संपले. प्लगला ही अडचण नाही, शिवाय भोकांची जागा ऐनवेळी बदलता येते.

आणि वाळू अडकली तर? सीटांमुळे वाट अरुंद, कॉइल आत नेणं जिकिरीचं. माझं मत इथेच फिरतं.

एकटी विहीर, मोजके टप्पे असतील तर बॉल-ड्रॉप. लांब लॅटरल (आडवा भाग), दाट टप्पे असतील तर प्लग-अँड-पर्फ. शेजारी दुसरी विहीर असली तर एकीत वायरलाइन, दुसरीत पंप, म्हणजे ताटकळणंही कमी.