गीझरच्या सांध्यांसाठी सीलिंग धागा : वापरानंतरचा अनुभव

गीझरच्या देखभालीत मॅग्नेशियमचा अॅनोड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) बदलायचा म्हटले की टाकी रिकामी करण्यासाठी पाइपांचे सांधे उघडावे लागतात, आणि खरी परीक्षा ते पुन्हा जोडताना असते. गेल्या दिवाळीच्या सुमारास बोरिवलीतील आमच्या घरच्या १५ लिटरच्या गीझरचे हे काम करताना मी टेफ्लॉन टेपऐवजी नायलॉनचा सीलिंग धागा, म्हणजे गळती रोखण्यासाठी आट्यांवर गुंडाळायचा धागा, वापरला. आता पावसाळा सरत आला तरी एकही सांधा ओलावलेला नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

धागा निवडण्याचे मुख्य कारण टाकीतला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हे होते. थंड पाण्याच्या बाजूला बसणाऱ्या या व्हॉल्व्हचे निचऱ्याचे तोंड खालीच यावे लागते. टेप लावलेला सांधा घट्ट करताना ते तोंड थोडे पुढे सरकले आणि आपण पाना उलटा फिरवला, की टेपची पकड सुटते व पाणी झिरपू लागते. मग सगळे उघडून नवी टेप गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. धागा मात्र आट्यांच्या खाचांत दबून राहतो आणि तोंड जुळवण्यापुरते किंचित मागे फिरवणे सहन करतो. माझ्या मते केवळ या एका गुणासाठी तो जवळ बाळगावा.

लावण्याची पद्धत मात्र काटेकोर आहे. क्रोम केलेल्या पितळी निपलचे (आटे पाडलेल्या आखूड नळीचे) आटे फार गुळगुळीत असतात. त्यांवर धागा पान्याबरोबर घसरतो आणि कडेला गोळा होऊन बाहेर येतो. म्हणून हॅकसॉच्या पात्याने आट्यांच्या माथ्यावर बारीक ओरखडे काढावेत, पहिला आटा मोकळा सोडावा आणि ज्या दिशेने सांधा आवळायचा त्याच दिशेने, खाचांना थोडा छेद देत, अर्ध्या इंचाच्या निपलवर सहा-सात वेढे ताणून घ्यावेत. पहिला आटा मोकळा ठेवल्याने तंतू आत जाऊन व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकत नाहीत. आवळताना गीझरचा निपल दुसऱ्या पान्याने धरून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते, कारण तो टाकीला वेल्ड केलेला असतो आणि पिळला गेला तर दुरुस्ती टाकीपर्यंत जाते. सूत आणि सफेदा (सुतावर लावायची पांढरी लुकण) जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपांवर उत्तम टिकतो, यात शंका नाही. पण तो वाळून कडक होतो आणि पुढच्या देखभालीत सांधा उघडताना नेमका याच निपलवर जोर येतो.

लवचीक कनेक्शन पाइपाच्या नटात मात्र धागाही नको आणि टेपही नको. तेथे पाणी आटे अडवत नाहीत, रबरी वॉशर अडवतो. आट्यांवर काही गुंडाळले तर नट पुरता बसत नाही आणि वॉशर दबत नाही. तेथे गळती असेल तर वॉशर बदलावा.

आणखी एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. गीझर चालू असताना पडणारे थेंब पाहून सांध्याला दोष दिला जातो. पाणी २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे सव्वा ते दीड टक्का फुगते, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत साधारण २०० मिलीलिटर पाणी जादा होते, आणि मागे जायला वाट नसल्यामुळे ते सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून बाहेर येते. हे योग्यच आहे. ते तोंड कधीही बंद करू नये. सांध्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून ठेवली की पाणी कुठून येते ते लगेच कळते. गीझर गार झाल्यावर पट्टी पुन्हा पाहावी, कारण गरम बाजूचा कच्चा सांधा धातू आकसल्यावर झिरपू शकतो.

मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला हा धागा सहज मिळाला. टेपच्या मानाने तो बराच महाग आहे, त्यामुळे शॉवर आणि नळ यांसारख्या साध्या सांध्यांसाठी मी अजूनही जाड टेपच वापरतो.