रविवारच्या रश्शात काय घालावं: सोयावडी की पाकिटातलं 'प्लांट मीट'?

ज्यांच्या घरी रविवारचं मटण ठरलेलं आहे, आणि ते आता महिन्यातून एकदाच आणायचं असं ज्यांनी मनाशी घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कारण काहीही असो: डॉक्टरांनी सांगितलं असेल, किलोचा भाव परवडत नसेल, किंवा आमच्याकडे झालं तसं, अकरावीतल्या मुलीनं जेवताना असे प्रश्न विचारले असतील की घास तोंडात फिरावा. उरलेल्या तीन रविवारी पातेल्यात काय पडणार, हे ठरवावंच लागतं. पनीर बहुतेकांचं करून झालेलं असतं. पण पनीरही गाई-म्हशींच्याच जिवावर येतं, त्यामुळे पर्यावरणासाठी मटण कमी करणाऱ्याचं त्यानं पुरतं समाधान होत नाही.

गेली दोनेक वर्षं मी हे प्रयोग करतोय. शेवटी तुलना दोघांतच उरली: डीप फ्रीजरमध्ये मिळणारं तयार प्लांट मीट, म्हणजे वनस्पतींपासून केलेलं मांसासारखं खाणं, आणि किराणा दुकानातली साधी सोयावडी.

फणस आणि अळंबीबद्दल आधी थोडक्यात सांगतो, कारण हे दोन्ही हमखास सुचवले जातात. कच्च्या फणसाची भाजी मला मनापासून आवडते. नीट शिजली की तिचे धागे सुटतात आणि गरम मसाल्यात ती मटणाच्या जवळ जाते. पण शंभर ग्रॅममागे प्रथिनं जेमतेम दोन-तीन ग्रॅम, शिवाय हंगाम संपला की संपलं. अळंबीचंही प्रथिनांच्या बाबतीत तेच. गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी मिळाली, तर ती कशाला पर्याय म्हणून खाऊच नये, तिच्या स्वतःच्या चवीसाठी खावी.

'शाकाहारच करायचा तर मांसाची नक्कल कशाला?' असंही लोक विचारतात. मला हा आक्षेप पटत नाही. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी काय आहे? बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून माशासारखा आकार द्यायचा, तुकडे करायचे आणि तिखट रश्शाबरोबर खायचे. आपल्या बायाबापड्यांनी हे काम कधीच करून ठेवलंय. माणसाला चवीइतकीच जेवणाच्या थाटाची ओढ असते, आणि आपल्याकडे तो थाट रश्शाचा असतो.

आता मूळ तुलना. पाकिटातल्या मालाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. वाटाणा किंवा सोयाबीनमधलं प्रथिन वेगळं काढून, दाब आणि उष्णता देऊन त्याला तंतूंसारखी वीण आणलेली असते. खोबरेल किंवा दुसरं तेल चरबीची जागा घेतं. तव्यावर टाकलं की चुरचुरतं, रंग बदलतो, दहा मिनिटांत पानात येतं. आमच्या मुलीच्या मैत्रिणी आल्या तेव्हा त्याचे कबाब केले होते. त्यातल्या दोघी पक्क्या मांसाहारी, तरी त्यांना सांगेपर्यंत कळलं नाही. सोयावडीकडून हे होणार नाही, हे मान्यच करायला हवं.

माझं मन वळलं ते मात्र रश्शावरून.

एका रविवारी कांदा-खोबरं भाजून वाटण केलं, आईनं गावाकडून आणलेलं काळं तिखट घातलं, तेल सुटेपर्यंत परतलं, पाणी घालून उकळी आणली आणि पाकिटातले तुकडे सोडले. पहिल्या वाढणीला सगळं ठीक होतं. आईचं जेवण सावकाश. तिनं दुसऱ्यांदा रस्सा मागितला तोवर पातेलं निवलं होतं. पळी घातली तर रस्सा कॉर्नफ्लॉवर लावल्यासारखा दाटलेला, तुकड्यांच्या कडा विरलेल्या आणि वरचा तवंग नाहीसा झालेला. आईनं पळीतलं बघितलं आणि म्हणाली, "अरे, रस्सा कुठंय? हे तर पिठलं झालंय."

मला आधी वाटलं की माझंच काही चुकलं. नंतर वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं आणून पाहिली, कमी शिजवून पाहिलं, आधी तळून मग सोडून पाहिलं. थोडाफार फरक पडला, पण अडचण तीच. पाकिटावरची घटकांची यादी वाचली तेव्हा थोडा उलगडा झाला. यातल्या बऱ्याच मालात मेथिलसेल्युलोज घालतात. त्याचा स्वभाव आपल्या नेहमीच्या पदार्थांच्या उलट आहे: तापलं की घट्ट होतं आणि निवलं की सैल पडून पाण्यात उतरतं. दाट होण्यामागे हेच असावं, असा माझा अंदाज. बर्गरला हा गुण फार उपयोगी, कारण तो गरमागरम चार मिनिटांत संपतो. आपण रस्सा तसा खात नाही. भाकरी कुस्करायची, वर रस्सा ओतायचा, गप्पा मारत निवत-निवत खायचा आणि उरलेला रात्री भाताबरोबर. शिवाय माझ्या हातात आलेल्या बहुतेक पाकिटांत मीठ-मसाला आधीच घातलेला होता. कांदा-लसणाच्या पावडरीची एक ठरावीक चव काळ्या तिखटातूनही वर येत राहिली. तुमच्या घरी रस्सा होत नसेल, सुकं आणि तव्यावरचंच जास्त होत असेल, तर ही अडचण कदाचित जाणवणारही नाही.

सोयावडीचा दोष सगळ्यांना ठाऊक आहे: वास. वसतिगृहाच्या मेसमध्ये खाल्लेली वडी अनेकांच्या नाकात आयुष्यभर बसलेली असते. सोयाबीनचा दाणा फुटला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करायला लागतं आणि तो कच्चट, गवतासारखा वास तयार होतो. तो घालवता येतो, पण त्यासाठी हात चालवावे लागतात. मी असं करतो: पाण्यात मीठ घालून उकळी आणायची, वड्या सोडून सात-आठ मिनिटं ठेवायच्या. वर फेस येतो. ते पाणी टाकून द्यायचं. मग गार पाण्यात घालून एकेक मूठ घट्ट पिळायची. पहिलं पाणी गढूळ, पिवळसर निघतं. पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं. तिसऱ्या वेळी पाणी जवळजवळ नितळ निघालं की झालं. मग दही, हळद, आलं-लसूण आणि काळं तिखट चोळून अर्धा तास ठेवायच्या, कडा तांबूस होईपर्यंत जरा सढळ तेलावर परतायच्या आणि रश्शात मंद आचेवर दहा मिनिटं.

लोक बहुधा पिळण्यातच घाई करतात. वडीत साधं पाणी राहिलं तर रश्शाला आत जागाच नसते. घट्ट पिळलेली वडी मात्र रस्सा ओढून घेते, आणि चावली की तो तोंडात उतरतो. हाडाजवळच्या मटणाची सर तिला नाही. पण आपल्या हातच्या वाटणाची चव जशीच्या तशी लागते, रस्सा रस्साच राहतो आणि तवंगही टिकतो. एकच काळजी घ्यावी लागते: रात्रभर ठेवलं तर वड्या सगळा रस्सा पिऊन टाकतात. म्हणून मी वाटीभर रस्सा आधीच वेगळा काढून ठेवतो.

प्रथिनांच्या आकड्यांत एक गफलत नेहमी होते. सोयावडीच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे ५२ ग्रॅम प्रथिनं असं छापलेलं असतं, ते कोरड्या वडीचं. भिजवून पिळल्यावर तीच वडी अडीच-तीन पट वजनाची होते, म्हणजे पानात पडणाऱ्या शंभर ग्रॅममध्ये सतरा ते वीस ग्रॅमच्या आसपास. तरीही ती मटणाच्या जवळपास पोचते, आणि सोयाबीनचं प्रथिन वनस्पतींमध्ये सर्वांत चांगल्या दर्जाच्या प्रथिनांपैकी आहे. बी-१२ मात्र यातून मिळत नाही. मांसाहार अगदी बंद करणार असाल तर ते विसरू नका. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर गोळी आणि सोयाबीन यांत किती अंतर ठेवायचं हे डॉक्टरांना विचारा. पैशांचं सांगायचं तर आमच्या चौघांच्या रश्शाला दीडशे ग्रॅम कोरडी वडी पुरते, आणि तिला लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे गोठवलेल्या पाकिटांना मोजावे लागतात. त्यात वीज गेली की फ्रीजरची काळजी वेगळीच.

पर्यावरणाच्या हिशोबात हे दोन्ही मटणापेक्षा पुष्कळ हलके आहेत. 'सायन्स' या नियतकालिकात २०१८ साली जगभरातल्या शेतांचा एक मोठा अभ्यास आला होता. त्यात १०० ग्रॅम प्रथिनांमागे मेंढ्या-बकऱ्यांच्या मांसाचं उत्सर्जन सरासरी २० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं, कोंबडीचं ५.७ आणि सोयाबीनच्या टोफूचं २ किलो होतं. ही जागतिक सरासरी आहे. माळरानावर चरणाऱ्या आपल्या शेळीचा हिशोब वेगळा निघू शकतो, आणि शेळीवर ज्यांचं घर चालतं त्यांना या आकड्यांवरून दोष द्यावा असं मला वाटत नाही.

कोंबडीचं मात्र मला सांगावंसं वाटतं, कारण आमची शेती लातूर जिल्ह्यात आहे आणि खरिपाला आम्ही सोयाबीनच घेतो. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के. ते काढल्यावर उरते ती पेंड, आणि त्या पेंडीचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो. पोल्ट्री या पेंडीवर इतकी अवलंबून आहे की २०२१ साली भाव भडकले तेव्हा केंद्रानं जीएम (जनुकं बदललेल्या बियाण्याची) सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आणि इकडे शेतकरी चिडले. म्हणजे चिकन खाताना आपण सोयाबीनच खात असतो, फक्त ते कोंबडीच्या पोटातून फिरून येतं आणि वाटेत बरंचसं खर्ची पडतं. सोयावडी म्हणजे तेल काढलेलं तेच पीठ, मधला फेरा टाळून. पाकिटातलं प्लांट मीटही याच कुळातलं, पण त्याला पीठ आणखी शुद्ध करणं, गोठवणं आणि दारापर्यंत गारच ठेवणं एवढा खटाटोप जास्त.

माझ्या पानातली वडी आमच्याच शिवारातल्या दाण्याची असेल, असं मी म्हणणार नाही. पण २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून खाली सोयाबीन विकावं लागलेल्यांत आम्हीही होतो. हे पीक इथल्याच माणसांच्या थेट जेवणात जास्त गेलं तर मला बरं वाटेल. कल्पना नवीही नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे आहारप्रयोग केले होते आणि 'हरिजन'मधून त्याबद्दल लिहिलंही होतं.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसासाठी थांबावं का, असं मुलगी विचारते. २०१३ मध्ये लंडनला त्याचा पहिला बर्गर लोकांसमोर खाल्ला गेला, २०२० मध्ये सिंगापूरनं विक्रीला परवानगी दिली, २०२३ मध्ये अमेरिकेनं. त्याच वर्षी इटलीनं बंदी घातली. २०२४ पासून कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतही माशाच्या पेशींवर असं काम हाती घेतलंय. मला त्याची उत्सुकता आहे, पण आपल्या बाजारातल्या पिशवीत ते इतक्यात येईलसं दिसत नाही. वनस्पतीजन्य मांसाचा बाजारही चढ-उताराचाच. अमेरिकेतल्या बियॉन्ड मीटचा २५ डॉलरना विकलेला शेअर २०१९ मध्ये तीन महिन्यांच्या आत दोनशेच्या वर गेला आणि पुढच्या पाच वर्षांत दहाच्याही खाली आला. म्हणून तंत्रच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. उद्या कुणी रश्शात टिकणारा, आळणी तुकडा बाजारात आणला, तर मी पहिल्या दिवशी आणीन.

सध्या आमच्या फ्रीजरमध्ये एक पाकीट असतं, मुलीच्या मैत्रिणींसाठी. डब्यात मात्र दोन प्रकारच्या वड्या: मोठी रश्शाला, चुरा खिम्याला. घेताना तारीख बघा आणि पाकीट फोडल्यावर कोरड्या वडीचा वास घ्या. भाजलेल्या पिठासारखा आला तर चांगली. खवट आला तर ती तीनदा पिळूनही सुधारत नाही, दुकानात परत द्या.